नाव घेऊ का?

मित्रांनो, तळहातावर सहज मावेल एवढा, काळ्या रंगाचा, एका कोपऱ्यावर टवका उडालेला असा मी एक जुना रेकॉर्डर आहे. माझ्या छातीवर तांबडं बटण आहे. ते दाबलं की ऐकलेलं मी पोटात साठवतो, आणि साठवलेलं विसरत नाही. हा माझा गुण. एकदा हाच गुण माझ्या अंगाशी आला, त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. मला जोडणारे हात बायकांचे असावेत, कारण मी ऐकलेला पहिला आवाज बांगड्यांचा होता. पुढे खोक्यात बसून बरेच दिवस प्रवास झाला, आणि मी शहापूरच्या कमळाकर काकांच्या खिशात येऊन पडलो. काका जुने बातमीदार. पांढरा सदरा, सायकल आणि मी, एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळा तालुका पालथा घातला. तानसाच्या काठावरची भाषणं, शाळांची उद्घाटनं, मोर्चे, सत्कार, सगळं मी पोटात साठवलं. “हा माझा तिसरा कान आहे,” असं काका चारचौघांत सांगायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं. मात्र एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या सगळ्या वर्षांत माझ्यात बाईचा आवाज आला तो “चहा ठेवलाय, घ्या” एवढाच.

पुढे फोन आले. फोनच फोटो काढू लागले, फोनच आवाज घेऊ लागले. काकांनी मला टेबलाच्या खणात ठेवलं. पोटातली बॅटरी पाझरली, गंज चढला. खणात माझ्याबरोबर सुकलेली शाईपेनं आणि एक मोडका चष्मा होता. आम्ही कुणी कुणाशी बोलत नव्हतो.

मला खणातून बाहेर काढलं ते संघरत्नाने. ही सापगावची, बुधाजींची मुलगी. तिची आजी सोनूबाई जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायची, त्या ऐकत मोठी झालेली. पेपरात बातम्या देऊ लागली तेव्हा काकांनीच तिला हाताला धरून शिकवलं. मला तिच्या हाती देताना ते म्हणाले, जुना आहे पण खोटं बोलत नाही. संघरत्नाने कापसाच्या बोळ्याने माझा गंज पुसला, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि पहिलंच वाक्य माझ्यात बोलली, “आजीच्या ओव्या कुणीच घेऊन ठेवल्या नाहीत.”

तेवढ्यावरून मला कळलं, ही मला भाषणांना नेणार नाही.

मित्रांनो, एक संस्था दरवर्षी महिला पत्रकारांना एक बक्षीस देते. झालेल्या कामाची शाबासकी म्हणून नव्हे, तर होऊ घातलेल्या कामाला हात म्हणून. ज्या बाईपाशी नवी कल्पना असेल तिने ती लिहून पाठवायची. निवड झाली की वर्षभर ते काम करायला पाठबळ मिळतं. संघरत्नाने अर्ज लिहिण्याआधी तो मला बोलून दाखवला. तिची कल्पना अशी होती. मुरबाडकडच्या पाड्यांमधल्या कितीतरी बायांना वाचता येत नाही. ज्यांना येतं त्यांना वेळ नाही. पण बाजाराच्या दिवशी भाजी, तांदूळ, सुकी मासळी घेऊन त्या सगळ्या धसईला येतात आणि बसल्या जागी त्यांचे कान मोकळे असतात. तेव्हा पेपर कानांसाठी काढायचा. बातम्या बायांच्या, सांगणाऱ्या बाया, ऐकणाऱ्याही बाया.

निवड झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी बुधाजींनी ते तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. त्या बक्षिसातून एक दणदणीत स्पीकर आला, एसटीचा पास आला, आणि मला वाऱ्यापासून जपायला स्पंजची काळी टोपी आली. बॅटऱ्या सोडल्या तर एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कुणी नवी वस्तू आणण्याची ती पहिलीच वेळ. त्या टोपीचे उपकार मी अजून मानतो.

धसईच्या बाजारात जयरामशेठ चहावाल्याने स्पीकर ठेवायला कोपरा दिला. बाजारातल्या बायांनी बारसंही करून टाकलं, ‘बायांचा पेपर’. आता फक्त बातम्या हव्या होत्या.

आणि बातम्याच मिळेनात. धसईच्या पलीकडे एक छोटा पाडा आहे, सगळी भातशेती करणारी कुणबी घरं. तिथे संघरत्ना मला घेऊन दारोदार फिरली. माझं बटण दाबलं की बाया गप्प व्हायच्या. खाकरायच्या. “आमाला काय इचारता, आमच्यांना इचारा,” म्हणायच्या. बटण बंद झालं की मात्र धबधबा सुरू. त्या दिवसांत माझ्या पोटात काय साठलं विचाराल, तर कोंबड्या, भांड्यांचे आवाज आणि पदरामागचं हसू.

ही कोंडी फोडली सकुबाईने. सकुबाई त्या पाड्याची धवलारीण. आपल्या भागात लग्नात धवळे गायला धवलारीण लागते. तिच्या गाण्याशिवाय हळद चढत नाही. सत्तरी ओलांडलेली, दात दोनच, पण आवाज विहिरीत बादली सोडावी तसा खोल आणि गार. ती म्हणाली, बोलायला लाज वाटते, गायला कसली लाज? तू बातमी सांग, मी तिचा धवळा करते.

मग काय विचारता. दवाखान्यात नर्स कोणत्या वारी येते, भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजताना पाय पोळला तर काय लावायचं, मुरबाडची एसटी कुठल्या फाट्यावर थांबत नाही, सगळ्याचे धवळे झाले. बाजारात बाया पालेभाजीच्या जुड्या बांधता बांधता माना डोलवू लागल्या. पुरुष चहाचे कप धरून उभे राहू लागले. दुसऱ्या पाड्यांतून निरोप येऊ लागले, आमचीबी बातमी घ्या. मला वाटलं, माझ्या जन्माचं सोनं झालं.

आता चंद्रकलेची गोष्ट सांगतो.

पाड्यावरून ओढ्याकाठच्या विहिरीकडे जांभळीखालून एक वाट जायची, पिढ्यान्‌पिढ्यांची. शहरातल्या एका माणसाने तिथे जमीन घेऊन फार्महाऊस बांधलं आणि तारेचं कुंपण घातलं. वाट कुंपणाच्या आत गेली. आता हंडा डोक्यावर घेऊन बायांना सगळ्या टेकडीला वळसा घालावा लागे. चंद्रकला त्याच फार्महाऊसवर झाडलोटीला आणि फुलझाडांना पाणी घालायला जायची. ज्या पाण्याची वाट बंद झाली ते पाणी ती मालकाच्या गुलाबांना घालत होती. हे तिनेच संघरत्नाला सांगितलं, सकुबाईच्या ओट्यावर बसून. पण सकुबाई पाणी आणायला आत गेली तेव्हा हळूच बजावलं, “ताई, माजं नाव नको येवाया. माजं काम जाल.”

संघरत्नाने शब्द दिला. आणि सकुबाईला म्हणाली, वाटेची बातमी करा.

सकुबाईने दिवा लावला, कारण दिव्यावाचून ती तोंड उघडत नसे, आणि लांबलचक धवळा गायली. तोवर चंद्रकला कामावर गेली होती, आणि मला ओट्यावर सुरू ठेवून संघरत्ना शेजारच्या घरी बातमी विचारायला गेली होती. संघरत्नाने एसटीत बसून तो कानाला लावून ऐकला, अर्ध्यापर्यंत. अर्ध्यातच तिचे डोळे भरून आले असावेत, कारण तिने नाक ओढलं आणि मला बंद केलं. धसई आलं होतं, बाजार भरला होता. तिने मला सरळ स्पीकरला जोडलं.

मित्रांनो, इथे चूक झाली. धवळ्यात नावं शेवटी येतात. ज्याच्या मांडवात गायचं त्या घराचं नाव घेतल्याशिवाय धवळा उतरत नाही, हे त्या पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण संघरत्नाच्या घरची लग्नं बुद्धवंदनेने लागतात. लग्नातला धवळा तिने कधी ऐकलेलाच नव्हता, आणि आधीच्या बातम्या कुणा एका घरच्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या धवळ्यांत नावं आलीच नव्हती. आणि सकुबाईला नाव न घेण्याचा वायदा कुणी सांगितलाच नव्हता. तिच्या लेखी नाव गाळणं म्हणजे माणसाचा अपमान. मला मात्र सगळं ठाऊक होतं. दोघींचे शब्द माझ्याच पोटात होते, नाव नको म्हणणारा आणि नाव घेणारा. पण मला बोलता येतं ते फक्त दुसऱ्याचं. भर बाजारात मी मोठ्याने म्हणालो,

*वाट व्हती गो वाट व्हती, जांभळीखालची वाट व्हती*
*जांभळीखालच्या वाटंला, तारंची बेडी पडली व्हती*
*आडली कोण गो आडली कोण, डोईवर हांडा घेऊन कोण*
*चंदरची अस्तुरी चंद्रकला, तारंशी उभी रडत व्हती*

संघरत्नाचा हात बटणावर आदळला, तोवर ओळ संपली होती. बाजारात टोमॅटो घ्यायला आलेला फार्महाऊसचा मॅनेजर चहाच्या कोपऱ्यावरच उभा होता.

दुसऱ्या दिवशी चंद्रकलेला फाटकातूनच परत पाठवलं. उद्यापासून येऊ नको, एवढंच सांगितलं. ही बातमी घेऊन तिचा नवरा चंदर एसटी स्टँडवर संघरत्नाला गाठायला आला. तो ओरडला नाही. म्हणाला, “तुमाला बक्षीस मिळालं. आमाला घरी बसवलंत.” आणि गेला.

पुढच्या बाजारी बायांचा पेपर निघाला नाही. संघरत्ना सापगावला घरी बसून बक्षीस देणाऱ्यांना पत्र लिहीत होती. मी दिलेला शब्द मोडला, मला हे काम करायचा हक्क नाही, बक्षीस परत घ्या, असं. लिहायची, फाडायची. बुधाजींनी दोन दिवस ते फाडणं ऐकलं. मग म्हणाले, “बाय, जिचं बिघडवलंस ती पाड्यात, आणि माफी तू कागदाकडं मागतेस?”

संघरत्ना उठली. मला पिशवीत टाकलं आणि पहिल्या एसटीने निघाली.

चंद्रकला अंगणात तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला नाही, म्हणजे तिने बस म्हटलं नाही. संघरत्ना उभ्यानेच बोलली. चूक सकुबाईची नाही, माझी आहे. मी शेवटपर्यंत ऐकलं नाही. काम परत मिळवून देणं माझ्या हातात नाही, पण ती नोंद तुझ्यासमोर पुसते. तिचा अंगठा माझ्या पुसायच्या बटणावर आला. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. जे विसरता येत नाही ते कुणीतरी पुसून टाकावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

“थांब,” चंद्रकला म्हणाली. “सगळ्या बाजारानं आयकलं. मी कुठं आयकलंय? मला आयकव आधी.”

मी पुन्हा गायलो. सूप थांबलं.

“रडत कवा व्हते मी?” चंद्रकला म्हणाली. “शिव्या देत व्हते.”

संघरत्नाला हसू आवरलं नाही, आणि हसता हसता तिला रडू आलं. चंद्रकलेने सूप खाली ठेवलं. ती सांगू लागली की हीच सकुबाई तिच्या लग्नात गायली होती. तिचं नाव तेव्हाही घेतलं होतं, पण नवरी म्हणून मान खाली, कानात वाजंत्री, काही ऐकूच आलं नव्हतं. त्यानंतर ती चंदरची बायको झाली, मग आदेशची आई. फार्महाऊसवर तर “ए बाई” होती. मग आवाज कडक करून तिने निकाल दिला, “पुसू नको. पन वाजवू बी नको. मी सांगन तवा.”

आणि आम्हाला घेऊन ती तडक सकुबाईच्या ओट्यावर गेली, भांडायला. सकुबाई बधेना. नाव नसलेला धवळा म्हणजे हळद नसलेली नवरी, असं म्हणाली. पन्नास वर्षं नावं घेतली, कुणी तक्रार केली नाही. चंद्रकला ऐकून घेत होती. शेवटी एकच बोलली, “माजं एकटीचं घेतलंस. त्या वाटंनं काय मी एकटीच जात व्हते?”

सकुबाईने तोंडातलं पान अंगणात थुंकलं.

“नाय गो,” ती म्हणाली. “मांडवात एकटीचं नाव कुनी घेत नाय. आजा, चुलता, मामा, सगळ्यांचं घेत्यात. माजंच चुकलं, लेकी.”

त्या दिवसापासून मला चंद्रकलेने हाती घेतलं. घरोघर तीच पुढे जायची. आधी बातमी कशासाठी, कुठे वाजणार, कोण ऐकणार ते सांगायची. कामावर जाणाऱ्यांना कामाचा धोका सांगायची, कारण तो तिच्याहून जास्त कुणाला कळत होता? आणि मग विचारायची, “नाव घेऊ का?” कुणी म्हणाली, घे. कुणी म्हणाली, घरी विचारून सांगते, तिला चंद्रकला म्हणायची, “हांडा तुज्या डोईवर, मग इचारतेस कुनाला?” रेश्मा फार्महाऊसच्या स्वयंपाकघरात होती. तिने नको म्हटलं. चंद्रकलेने तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला टोमणाही मारू दिला नाही. उत्तर येईपर्यंत ती माझं बटण दाबत नसे. तिच्याआधी दोघांनी मला वापरलं, पण बटण न दाबता एवढा वेळ हातात धरलं ते तिनेच.

सकुबाईने धवळा नव्याने बांधला. संघरत्नाने तो शेवटपर्यंत ऐकला, दोनदा. चंद्रकलेने एक शब्द बदलून घेतला. मग तिने हो म्हटलं, आणि धसईच्या बाजारात मी पुन्हा बोललो,

*आडली कोण गो आडली कोण, एकली नव्हती साऱ्या जणी*
*चंद्रकला आडली, अंजू आडली, ठकू आडली पाण्याविनी*
*बारकी आडली पोटुशी, सकू म्हातारी आडली व्हती*
*तारंशी उभ्या गो साऱ्या जणी, हक्कानं बोलत व्हती*

अशी एकवीस नावं. मॅनेजर ह्याही खेपेला होता. नावं मोजता मोजता त्याचा चहा गार झाला, असं जयरामशेठ पुढे कितीतरी दिवस सांगत होते. एकवीस जणींना कामावरून काढायचं तर आधी एकवीस जणींना कामावर ठेवायला हवं होतं.

वाट लगेच मोकळी झाली असं मात्र समजू नका. अर्ज झाले, खेपा झाल्या, गावचा जुना नकाशा काढून त्यावर वाटेची रेघ शोधावी लागली. ती सापडली. भात कापणीच्या सुमारास कुंपण कापून तिथे एक लहान फाटक बसलं. फाटक इतकं अरुंद की हंडा घेऊन गेलं तर कोपर घासतं, आणि लाकडाची मोळी असली तर तिरकं व्हावं लागतं. बाया रोज मालकाला दोन शिव्या घालून तिरक्या होऊन जातात. चंद्रकलेचं काम परत मिळालं नाही. ती आता बायांच्या पेपरची बातमीदार आहे, आणि चंदर बाजारच्या दिवशी स्पीकर उचलून आणतो. तो अजून संघरत्नाशी मोजकंच बोलतो. तिलाही त्यात काही वावगं वाटत नाही.

वर्ष संपलं तेव्हा बक्षीस देणाऱ्या बाया काम बघायला आल्या. संघरत्नाने त्यांना आधीच सगळं लिहून कळवलं होतं, चूकही, कुणाची ती, कशी झाली, सगळं. त्यातल्या वडीलधाऱ्या बाईंनी ते पत्र जपून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, ह्यापुढे निवड होणाऱ्या प्रत्येकीला आम्ही तुमच्या पाड्याची गोष्ट सांगू. मोठ्या मनाची माणसं. त्यांचा आधार नसता तर मी पुन्हा खणात जाऊन गंजलो असतो आणि पाड्यातल्या बायांचे आवाज त्यांच्या अंगणातच विरले असते.

मित्रांनो, मी आता फार थकलो आहे. माझं तांबडं बटण दाबलं की वर येत नाही, ते नखाने उचलावं लागतं. चंद्रकलेला नवा रेकॉर्डर आला आहे. मला कडूनिंबाच्या पाल्यात, कोरड्या डब्यात ठेवतात, अधूनमधून बॅटऱ्या काढून पुसतात. तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. आता तुमच्या सगळ्यांच्या घरी आवाज टिपणारा फोन आहे. त्यात कुणाचा आवाज घ्याल तेव्हा आधी त्याला विचारा, आणि दुसऱ्याला ऐकवण्याआधी स्वतः शेवटपर्यंत ऐका. आम्हा यंत्रांना थांबता येत नाही, मित्रांनो. थांबायचं ते तुम्हीच.

माझ्यात टिपलेली शेवटची नोंद त्याच दिवशीची आहे, पाहुण्या आल्या त्या दिवसाची. सकुबाईच्या अंगणात सगळ्या बसल्या होत्या. तिने दिवा लावला, धवळा सुरू केला, नावांपर्यंत आली आणि थांबली. वर्षभर ती संघरत्नाला ‘पेपरवाली’ म्हणत आली होती.

“संघरत्ना,” ती म्हणाली, “तुजं नाव घेऊ का?”

बराच वेळ मला काहीच ऐकू आलं नाही. मग सकुबाईचाच आवाज आला. “नुसती मान नको हलवू, पोरी. ह्याला दिसत नाय. तोंडानं सांग.”

“घे, आजी,” संघरत्ना म्हणाली.